वसंतातलं फळं-पालेभाज्यांचं सॅलड: पानं कोरडी, फळं रसरशीत

मेथीचा घोळाणा ज्या घरात होतो, त्या घराला कच्च्या पालेभाजीचं अप्रूप नसतं. कोवळी मेथी बारीक चिरायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, मीठ आणि वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. आमच्या आजीचं माहेर मराठवाड्यातलं. ती घोळाणा कधीच आधी कालवून ठेवत नसे. सगळी पानावर बसली, पहिली भाकरी तव्यावर फुगली, की मग ती मिठाच्या डब्याला हात लावायची. "मीठ पडलं की भाजी रडायला लागते," असं ती म्हणे.

फळं आणि पालेभाज्यांचं सॅलड बिघडतं ते नेमकं इथेच. पानं धुऊन ओलीच वापरली, फळं आधीच चिरून ठेवली, मीठ-लिंबू पंधरा मिनिटं आधी घातलं, की भांड्याच्या तळाशी गुलाबी पाणी साचतं आणि वर चिंधीसारखी मऊ पडलेली पानं उरतात. मग घरातले म्हणतात, "सॅलड काही आपल्याला आवडत नाही." खरं तर त्यांनी चांगलं सॅलड खाल्लेलंच नसतं. पाणी कुठे राहू द्यायचं आणि कुठून काढून टाकायचं, एवढं एक समजलं की बाकीचं सगळं सोपं आहे. या लेखातली प्रत्येक पायरी त्याच पाण्याभोवती फिरते.

हेच दिवस का

फेब्रुवारीच्या मध्यापासून गुढीपाडव्याच्या आसपासपर्यंत आपल्याकडे एक छोटी खिडकी उघडी असते. थंडीतल्या पालेभाज्या अजून कोवळ्या मिळतात आणि उन्हाळी फळांची सुरुवात झालेली असते. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी नोव्हेंबरअखेरीस सुरू होऊन एप्रिलपर्यंत येते. नाशिक आणि सांगलीकडची द्राक्षं याच दिवसांत सर्वांत गोड असतात. विदर्भातल्या संत्र्यांचा मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेला बहार, फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो. पुरंदरच्या अंजिरांच्या टोपल्या दिसू लागतात. झाडावरच्या पहिल्या कैऱ्या बाजारात येतात आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या वेण्या रस्त्याकडेला टांगलेल्या असतात.

ही खिडकी फार दिवस उघडी राहत नाही. दिवस मोठा झाला आणि ऊन तापलं की पालक आणि मेथी फुलोऱ्यावर येतात. देठ जाड होतात, पानं राठ आणि कडू होतात. लेट्यूसचंही तसंच. उन्हाने त्याचा दांडा वर सरकतो आणि मोडला तर पांढरा चीक येतो. जितका चीक जास्त तितका कडूपणा जास्त. म्हणून हे सॅलड मे महिन्यात करू नका. मे महिना आंब्याचा आहे, त्याला त्याचं काम करू द्या.

चैत्रात कच्चं, आंबट, गोड, कडू एकत्र खाण्याची आपली जुनी सवय आहेच. पाडव्याला कडुलिंबाची कोवळी पानं गुळाबरोबर चावतो, हळदीकुंकवाला कैरीची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे असतात. हे सॅलड त्याच चवीच्या कुळातलं आहे, म्हणून मी त्यात कैरी आणि फेसलेली मोहरी घालते. तयार बाटलीतलं ड्रेसिंग, म्हणजे सॅलडवर घालायचं मिश्रण, मला या पानांवर जड वाटतं.

पानं निवडताना

एकच प्रकारचं पान घेतलं तर तिसऱ्या घासाला कंटाळा येतो. मी पानांना कामं वाटून देते. निम्म्याहून जास्त भाग मवाळ चवीच्या पानांचा: कोवळा पालक आणि लेट्यूस. त्यात एखादी मूठ कडवट किंवा तिखट पान: मेथी, मुळ्याचा कोवळा पाला किंवा मिळाला तर रॉकेट (अरुगुला नावाची तिखटसर परदेशी पालेभाजी). थोडं आंबट पान: चुका किंवा घोळ. आणि शेवटी वासाची पानं: पुदिना, थोडी कोथिंबीर. शेपू आवडत असेल तर दोन-तीन काड्याच, कारण तो सगळ्यांवर कुरघोडी करतो.

पालक घेताना पान तळहातापेक्षा मोठं नको. मोठ्या, जुन्या पालकाने दातांवर खडूसारखा चरचरीत थर बसतो, तो त्यातल्या ऑक्झलिक आम्लामुळे. शिजवलेल्या भाजीत ते तितकं जाणवत नाही, कच्च्यात लगेच जाणवतं. मेथी लहान पानांची, जमिनीलगत पसरलेली आणि गडद हिरवी घ्या. वाळूत उगवलेली, बोटभर उंचीची समुद्रमेथी मिळाली तर फारच उत्तम, तिला कडूपणा जवळजवळ नसतो, मात्र वाळू भरपूर असते. चुक्याची पानं हातात घेऊन वाकवून पाहा, ताजं पान कट्कन मोडतं.

लेट्यूस कुठलं घ्यायचं? आइसबर्ग कुरकुरीत असतं पण चव अगदी फिकी. मला रोमेन जास्त आवडतं, कारण त्याच्या मधल्या शिरेला काकडीसारखा करकरीतपणा असतो आणि पानाला स्वतःची चव असते. लेट्यूस तुमच्या गावात मिळत नसेल तर अडून बसू नका, पालक वाढवा आणि कोवळी पत्ताकोबी अगदी बारीक चिरून थोडी घाला.

एक सांगून ठेवते. माठ, तांदुळजा, चवळी या भाज्या शिजवूनच चांगल्या लागतात. आणि अळूचं पान कधीही, थोडंसुद्धा, कच्चं घालू नका. त्यातले सुईसारखे बारीक स्फटिक जिभेला आणि घशाला टोचतात आणि भयंकर खाज सुटते.

फळांची निवड

दोन फळं पुरेत, तिसरं फार तर चवीपुरतं. पाच-सहा फळं घातली की फ्रूट सॅलडमध्ये पाला पडल्यासारखं दिसतं आणि लागतंही तसंच.

स्ट्रॉबेरी आणि द्राक्षं दोन्ही तोडल्यानंतर पिकत नाहीत. घरी आणून दोन दिवस ठेवली की गोड होतील, असं होत नाही. त्यामुळे स्ट्रॉबेरी देठापर्यंत लाल झालेली घ्या. देठाजवळ पांढरी असेल ती शेवटपर्यंत आंबटच राहणार. खोका उलटा करून तळ बघा, खालच्या फळांचा रस गळून कागद ओला झाला असेल तर तो खोका नको. द्राक्षांत काळी, लांबट, बिनबियांची जात या सॅलडला छान दिसते आणि तिची साल थोडी जाड असल्याने चावताना मजा येते. हिरव्यात सोनाका किंवा थॉम्पसन चालेल. द्राक्षावरची पांढुरकी भुकटी म्हणजे दरवेळी औषधाची फवारणीच असते असं नाही. फळाचं स्वतःचं नैसर्गिक मेणही तसंच दिसतं. धुवायची मात्र दोन्ही बाबतींत सारखीच नीट.

केळं, चिकू आणि पिकलेली पपई यांना इथे जागा नाही. पानांबरोबर हलवताना त्यांचा लगदा होतो.

चार जणांसाठी साहित्य

माझा मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि लहान चमचा म्हणजे ५ मिली, असं धरा. वजनं निवडून-धुऊन झाल्यानंतरची आहेत.

- कोवळा पालक १०० ग्रॅम
- लेट्यूस ८० ग्रॅम
- मेथीची पानं १ लहान मूठ, सुमारे १५ ग्रॅम
- चुक्याची पानं ६ ते ८
- पुदिन्याची पानं १५ ते २०
- स्ट्रॉबेरी १५० ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची १० ते १२
- काळी द्राक्षं १०० ग्रॅम
- कैरी, सोलून लांब पातळ काड्या केलेली, २ मोठे चमचे
- पांढरा कांदा लहान अर्धा
- काकडी १ लहान
- शेंगदाणे ४० ग्रॅम
- तीळ १ मोठा चमचा

ड्रेसिंगसाठी: मोहरी १ लहान चमचा, लिंबाचा रस २ मोठे चमचे, संत्र्याचा रस १ मोठा चमचा, मध किंवा किसलेला गूळ १ लहान चमचा, मीठ अर्धा लहान चमचा, घाण्याचं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल ३ मोठे चमचे, ताजी मिरपूड.

जेवणाऐवजी हेच खायचं असेल तर १०० ग्रॅम पनीर किंवा एक वाटी मोड आलेले, दोन मिनिटं वाफवलेले मूग वाढवा. कोकणात असाल आणि ओले काजू मिळत असतील तर शेंगदाणे बाजूला ठेवून मूठभर ओले काजू घाला. त्यांचा दुधाळ गोडवा आणि स्ट्रॉबेरीचा आंबटपणा ही जोडी मी एकदा खाल्ली आणि दर मार्चला तिची वाट पाहते.

निवडणं आणि धुणं

इथे घाई करू नका. ही भाजी शिजणार नाही, म्हणजे धुण्यात राहिलेली चूक नंतर आचेवर सुधारता येणार नाही. भाजी कुठल्या पाण्यावर वाढली ते आपल्याला बाजारात कळत नाही.

जुडी सोडवून आधी पिवळी, भोकं पडलेली, कुजलेली पानं काढा. पालकाचे देठ पानाच्या बुडाशी खुडा, मेथीची फक्त पानं घ्या. लेट्यूसची प्रत्येक पाकळी सुटी करा, कारण माती बुडाशी दडलेली असते. उरलेले कोवळे देठ टाकू नका, ते डाळीत जातात.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या आणि पानं त्यात बुडवून हाताने हलकेच हलवा. मग दोन मिनिटं थांबा. माती तळाशी बसते. आता पानं वरून उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या. पातेलं चाळणीत उपडं करण्याची सवय आपल्याला असते, पण तसं केलं की तळाची सगळी माती पुन्हा पानांवरच पडते. असं तीनदा करा, समुद्रमेथी असेल तर पाच वेळा. तळाशी हात फिरवल्यावर बोटांना वाळू लागली नाही की झालं.

दुसऱ्या पाण्यात लिटरला दोन मोठे चमचे मीठ घालून पानं दहा मिनिटं ठेवली तर पानांमागे लपलेले मावा किडे आणि अळ्या सुटून येतात. त्याहून जास्त वेळ ठेवू नका. मिठाचं पाणी पानाच्या आतलं पाणी ओढून घेतं आणि पान लुळं पडतं. शेवटचं धुणं साध्या, पिण्याच्या पाण्याचं. साबण किंवा भांड्यांचं लिक्विड भाजीला लावू नये, पानं ते शोषतात.

पानं बाजारातून येताना कोमेजली असतील तर शेवटच्या पाण्यात बर्फाचे खडे टाका आणि पंधरा मिनिटं ठेवा. पेशी पाणी ओढून घेतात, पान ताठ होतं. आतलं पाणी हवं ते यासाठी.

कोरडं करणं: सगळ्यात महत्त्वाची पायरी

आत पाणी हवं, बाहेर अजिबात नको. पानाच्या पृष्ठभागावर मेणासारखा अगदी पातळ थर असतो. तेल त्याला धरून राहतं. पण पानावर पाण्याचा थर असेल तर तेल पानापर्यंत पोहोचतच नाही, ते घसरून खाली जातं. म्हणून ओल्या पानांच्या सॅलडमध्ये वरच्या घासाला चव नसते आणि तळाशी आंबट-खारट पाणी असतं. लोक मग वरून आणखी मीठ घालतात, आणि ते आणखी पाणी सोडवतं.

सॅलड स्पिनर, म्हणजे पानं गरगर फिरवून पाणी काढणारं जाळीचं भांडं, असेल तर उत्तम, थोडी थोडी पानं घालून दोनदा फिरवा. नसेल तर घरातला जुना, मऊ, स्वच्छ पंचा घ्या. पानं आधी चाळणीत दहा मिनिटं निथळवा, मग पंच्यावर पसरा, चारी टोकं एकत्र धरा आणि गॅलरीत उभं राहून ते गाठोडं गोल गोल फिरवा. पंधरा-वीस फेऱ्यांत पंचा ओला होतो आणि पानं मोकळी होतात. आमच्याकडे हे काम मुलांचं आहे आणि ती त्यासाठी भांडतात. नंतर पानं दुसऱ्या कोरड्या फडक्यावर पंख्याखाली दहा मिनिटं पसरून ठेवा. पान हाताच्या पाठीला लावून पाहा. गार लागलं तर चालेल, ओलं लागायला नको.

हे सगळं आदल्या संध्याकाळी करून ठेवता येतं, आणि मी तेच करते. स्टीलच्या डब्यात तळाला कोरडं फडकं, त्यावर पानं, वरून पुन्हा फडकं, झाकण लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. पालक आणि लेट्यूस असे तीन-चार दिवस छान राहतात. पुदिना आणि चुका वेगळे ठेवा, ते लवकर काळे पडतात. पानं चिरायची मात्र आयत्या वेळी, आणि शक्यतो हातानेच तोडायची.

फळं चिरताना

स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, पुसा आणि मगच देठ काढा. आधी देठ काढला तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं आणि फळ बेचव होतं. मोठी असेल तर उभे चार भाग, लहान असेल तर दोन. पातळ चकत्या नकोत, हलवताना मोडतात.

द्राक्षांचे उभे दोन भाग करा. अख्खं द्राक्ष भांड्यात घरंगळत फिरतं, त्याच्या गुळगुळीत सालीवर ड्रेसिंग टिकत नाही आणि चमच्यात पानाबरोबर येत नाही. लहान मुलं खाणार असतील तर उभे चार भाग कराच, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं.

काकडीचा बियांचा गर चमच्याने खरवडून काढा. पाणी तिथेच असतं. तो गर टाकू नका, ताकात घाला. कांद्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि मुठीत घट्ट पिळून घ्या. पांढरा कांदा मुळातच सौम्य असतो. लाल कांदा वापरला तर ही पायरी टाळू नका, नाहीतर स्ट्रॉबेरीऐवजी कांद्याचीच चव येईल. कैरीच्या काड्या शेवटी करा.

फळं जेवायच्या फार तर अर्धा तास आधी चिरावीत. चिरलेली फळं बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नयेत, आणि पारा ३२ अंशांच्या वर असेल, जो आपल्याकडे मार्चमध्ये सहज असतो, तर एक तासाहून जास्त नाही. मध्ये वेळ असेल तर झाकून फ्रिजमध्ये.

मोहरी फेसण्याचं तंत्र

आपल्या जुन्या कोशिंबिरींत आणि लोणच्यांत फेसलेली मोहरी असते. तिखटपणा तर ती देतेच, शिवाय तेल आणि लिंबाचा रस एकत्र बांधून ठेवते. नुसतं तेल आणि लिंबू कितीही फेटलं तरी मिनिटभरात वेगळं होतं. मोहरीच्या पुडीतला चिकट भाग तेलाचे बारीक थेंब धरून ठेवतो आणि मिश्रण थोडं दाट, दुधाळ होतं.

मोहरी खलात कुटून घ्या. तिच्यावर दोन लहान चमचे गार पाणी घाला आणि चमच्याने जोरात घोटत राहा. दोन-तीन मिनिटांत वास नाकात चढेल, डोळ्यांत पाणी येईल. आता पाच मिनिटं थांबा. या थांबण्याला कारण आहे. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन, कामाला लागतं आणि मग तो तयार होतो. लिंबाचा रस आधीच घातला तर आम्लामुळे ते काम मंदावतं, आणि गरम पाणी घातलं तर थांबतंच. म्हणून गार पाणी आधी, लिंबू नंतर. मला हे कळायच्या आधी माझी मोहरी कधी झणझणीत व्हायची, कधी नुसती कडवट, आणि मी दोष मोहरीच्या पुड्याला द्यायचे.

पाच मिनिटांनी त्यात लिंबाचा रस, संत्र्याचा रस, मध आणि मीठ घालून मीठ पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. तेलात मीठ विरघळत नाही, म्हणून तेल सगळ्यांत शेवटी. ते बारीक धारेने सोडत फेटत राहा. झाकणाची बरणी असेल तर त्यात सगळं घालून जोरात हलवा, तेच काम होतं. वरून मिरपूड.

चव नुसती चमच्याने घेऊ नका. पालकाचं एक पान त्यात बुडवून खा. चमच्यावर जे फार आंबट वाटतं ते पानावर बरोबर लागतं. तीन भाग तेलाला एक भाग आंबट असं प्रमाण पाश्चात्त्य पाककृतींत सांगतात. आपल्या जिभेला ते तेलकट वाटतं. मला तीन भाग तेलाला दोन भाग लिंबू हे बरोबर जमतं. स्ट्रॉबेरी फार आंबट निघाली तर लिंबू अर्धा चमचा कमी करा, कैरी आहेच.

तेल पूर्ण टाळू नका. पालकातलं बीटा कॅरोटिन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) शरीरात शोषलं जायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो. आणि लिंबू, संत्रं, स्ट्रॉबेरी यांतल्या क जीवनसत्त्वामुळे भाज्यांतलं लोह शोषायला मदत होते.

दाणे, तीळ आणि फोडणी

शेंगदाणे मंद आचेवर सालं तडकेपर्यंत भाजा, चोळून सालं काढा आणि जाडसर भरडा. कूट नको, तो ओल शोषून चिखल होतो. तीळ फुटू लागले की लगेच ताटलीत काढा.

कोशिंबिरीला फोडणी हवीच असं ज्यांना वाटतं, त्यांना मी नाही म्हणणार नाही. पण गरम फोडणी पानांवर ओतली की पानं जिथल्या तिथे शिजतात. एक चमचा तेलात जिरं, चिमूटभर हिंग आणि एक हिरवी मिरची अशी फोडणी करून ती भरडलेल्या दाण्यांवर ओता, नीट हलवा आणि गार होऊ द्या. मग ते दाणे सॅलडवर. फोडणीचा वासही येतो आणि पानंही वाचतात.

कालवणं

पसरट भांडं घ्या, परात सर्वांत चांगली. खोल पातेल्यात खालची पानं चिरडतात. परात आणि वाढायच्या ताटल्या दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवल्या तर उन्हाच्या दुपारी फरक कळतो.

सगळे जेवायला बसले की सुरुवात करा. परातीत पालक, हाताने तोडलेलं लेट्यूस, मेथी आणि चुका मोकळे करून घ्या. बरणी पुन्हा हलवा आणि निम्मं ड्रेसिंग परातीच्या कडेने, पानांच्या खाली जाईल असं फिरवा. आता स्वच्छ हातांनी, बोटं पसरून, पानं खालून वर उचला आणि सोडा. दहा-बारा वेळा. चमच्याने ढवळू नका. पान चकचकीत दिसायला हवं, निथळताना नाही.

मग कांदा, काकडी, कैरी आणि द्राक्षं घालून दोनदा उलटंपालटं करा. उरलेल्या ड्रेसिंगपैकी लागेल तेवढंच घाला, बहुधा एखादा चमचा शिल्लक राहील. स्ट्रॉबेरी सगळ्यांत शेवटी वर मांडा, ती कालवू नका, नाहीतर पानं गुलाबी होतात. वरून तोडलेला पुदिना, दाणे आणि तीळ. पनीर असेल तर तेही वरूनच.

इथून तुमच्याकडे दहा-पंधरा मिनिटं आहेत. पाहुण्यांची वाट बघायची असेल तर कालवायच्या आधी बघा.

बदल करायचे असतील तर

अंजीर मिळालं तर स्ट्रॉबेरी बाजूला ठेवा. पिकलेल्या अंजिराचे सालीसकट चार भाग, त्याबरोबर मेथी थोडी जास्त आणि दाण्यांऐवजी अक्रोड. अंजिराच्या मवाळ गोडीला मेथीचा कडवटपणा फार शोभतो. इथे मध वगळा.

संत्रं मुख्य फळ करायचं तर फोडींची पातळ साल आणि बिया काढा. गर पानांवर मोडून घाला आणि ड्रेसिंगमधला लिंबाचा रस निम्मा करा. याला पुदिन्याऐवजी कोथिंबीर बरी.

कलिंगडाच्या बाबतीत मात्र सावध राहा. त्यात पाणी इतकं असतं की मीठ लागताच ते धारेने सुटतं. मोठे चौकोनी तुकडे करून चाळणीत पंधरा मिनिटं निथळवा, आणि कालवलेल्या पानांशेजारी ठेवा, पानांत नाही.

दह्याचं ड्रेसिंग हवं असेल तर चक्का वापरा, त्यातलं सुटं पाणी निथळून गेलेलं असतं. पण दह्याबरोबर ताजं अननस, किवी किंवा कच्ची पपई नको. या फळांतली एन्झाइम्स दुधातल्या प्रथिनांचं विघटन करतात आणि थोड्या वेळात दही कडू होतं.

डब्यासाठी

काचेची उंच बरणी घ्या आणि क्रम उलटा लावा. तळाला ड्रेसिंग, त्यावर काकडी आणि कांदा, मग मूग किंवा पनीर, मग द्राक्षं, सर्वांत वर दाबून भरलेली कोरडी पानं. दाणे वेगळ्या पुडीत. स्ट्रॉबेरी डब्यात अख्खी, न चिरता. पानांना ड्रेसिंग लागत नाही तोवर ती तशीच राहतात. ऑफिसात गेल्या गेल्या बरणी फ्रिजमध्ये ठेवा, ती सोय नसेल तर बर्फाची पिशवी लागेल, नाहीतर हा डबा नेऊ नये. खायच्या वेळी ताटलीत उपडी केली की सगळं आपोआप बरोबर क्रमाने कालवलं जातं.

ज्यांनी आधी विचारून घ्यावं

रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालक-मेथी एकदम वाढवू नका. त्यांतल्या के जीवनसत्त्वाचा गोळीच्या परिणामाशी थेट संबंध आहे, डॉक्टरांशी बोला. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक आणि चुका कमी करून लेट्यूस वाढवावं. गरोदर बायका, अगदी लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्यासाठी बाहेरची, न धुतलेली कच्ची पानं मुळीच नकोत. घरी करतानाही भाजी स्वतःच्या हाताने धुवा.

उरलं तर

कालवलेलं सॅलड फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी खाता येत नाही. कोरडी पानं आणि ड्रेसिंग वेगळे उरले असतील तर काही प्रश्न नाही, ड्रेसिंग फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं, वापरण्याआधी हलवून घ्या.

कालवलेलंच उरलं, तर मी लगेच वरची फळं वेचून खाऊन टाकते आणि पानं बारीक चिरून थालीपिठाच्या भाजणीत घालते. थोडं तिखट आणि ओवा घाला. मीठ आधी चाखून मगच, कारण ते पानांत आहेच. पानांना सुटलेलं आंबट-गोड पाणीही सगळं त्यात घाला आणि आधी त्याच पाण्यात पीठ भिजवून बघा, बहुतेक वेळा वेगळं पाणी लागत नाही.